रसदार मीटलोफ आणि पाणचट मीटलोफ: स्लो कुकरमधला फरक

स्लो कुकरचं (मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचं) झाकण उघडल्यावर मीटलोफ (खिम्याचा पावाच्या आकाराचा गोळा) भरपूर रसात बसलेला दिसला की तो छान मऊ झाला असणार असं वाटतं. बहुतेक वेळा उलटंच झालेलं असतं. तो रस खिम्यातूनच पिळून निघालेला असतो आणि फारसा परत आत शिरत नाही. त्यामुळे लोफ बाहेरून चिंब, आतून कोरडा. रसदार लोफची चकती आकार धरते आणि ताटलीत तळं साचत नाही. पाणचट लोफचा तळ उकडल्यासारखा फिकट असतो आणि चकती सुरीखालीच मोडते.

ओव्हनमध्ये वाफ उडून जाते. स्लो कुकरमध्ये ती झाकणाला लागून थेंबाथेंबाने परत लोफवर पडते. म्हणून ओव्हनच्या पाककृतीतलं दूध किंवा स्टॉक (मांस-भाज्या उकळून काढलेलं पाणी) इथे तसंच्या तसं घालू नये, आणि भांड्यात वेगळं पाणी तर नकोच.

ओल हवी ती आत, आणि ती धरून ठेवतो दुधात भिजवलेला ब्रेड. 900 ग्रॅम बीफ खिम्याला 2 स्लाइसचा ताजा चुरा 80 मिली दुधात 10 मिनिटं भिजवून त्याचा लगदा करा. ब्रेडमधला स्टार्च पाणी धरतो, शिवाय मांसाच्या धाग्यांमध्ये बसून ते एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. कोरडा चुरा थेट घातला तर तो खिम्यातलीच ओल ओढतो. त्यात 2 अंडी, दीड टीस्पून मीठ, एक टेबलस्पून वूस्टरशायर सॉस (आंबट-खारट इंग्लिश सॉस), मिरपूड आणि थाइम (एक सुगंधी पाला). कांदा बारीक चिरून, परतून, गार करून घाला. कच्चा कांदा पाणी सोडतो आणि शेवटपर्यंत करकरीत राहू शकतो. खिम्यात चरबी 15 टक्के असावी. 20 टक्केही चालते, पण वितळलेली चरबी खाली साचते. सगळं बोटांनी हलकेच एकत्र करा. कणकेसारखं मळलं तर मिठामुळे प्रथिनं चिकटतात आणि लोफ सॉसेजसारखा रबरी होतो. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

भांड्यात फॉइलची रुंद पट्टी अशी घाला की दोन्ही टोकं वर राहतील. तळाशी फॉइलची वेटोळी ठेवली तर लोफ चरबीत बुडत नाही. लोफ आणि भांड्याच्या कडा यांत 2 सेंमी जागा सोडा. झाकणाखाली स्वच्छ कापड ताणून लावा म्हणजे थेंब तेच शोषेल. कापडाची टोकं मात्र वर दुमडून बांधा.

कुकरच्या ‘लो’ म्हणजे मंद आचेच्या सेटिंगवर साधारण 5 ते 6 तास लागतात. साडेचार तासांनी पहिल्यांदा थर्मामीटर मध्यभागी खुपसा. त्याआधी झाकण उघडू नका, दरवेळी उष्णता निघून जाते. बीफसाठी 71 अंश सेल्सियस (160 फॅरेनहाइट), चिकन किंवा टर्की असेल तर 74. त्यापुढे तापमान चढत गेलं की धागे आकसून रस बाहेर ढकलतात. म्हणून सकाळी लावून संध्याकाळी काढायचा हा पदार्थ नव्हे. ‘वॉर्म’वर, म्हणजे नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर, ठेवलेला लोफही सुकत जातो.

केचप, ब्राउन शुगर आणि व्हिनेगरचा लेप सुरुवातीला लावला तर वाफेने पातळ होऊन ओघळतो. शिजलेला लोफ पट्टीने उचलून ट्रेवर ठेवा, लेप लावा आणि ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (वरून कडक आच देणाऱ्या ग्रिलखाली) 3 ते 5 मिनिटं द्या. स्लो कुकरचं चिनीमातीचं भांडं ब्रॉयलरखाली नेऊ नका, तडकतं. कापण्याआधी 15 मिनिटं थांबा.