दहा पावसाळ्यांचा हिशेब

२०१० च्या चवथीला गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीला फळं बांधता बांधता काकांनी मला पीई गुणोत्तर समजावलं. पावसाळ्यात खाणी बंद, म्हणून त्यांचे दोन्ही ट्रक अंगणात उभे होते. एरवी ते खाणीवरून सारमानसच्या जेटीपर्यंत दिवसभर खेपा मारत. त्या कमाईतून काकांनी एका खाण कंपनीचे शेअर घेतले होते. "पीई सहा आहे बघ," हातातला सुपारीचा घोस बाजूला ठेवत ते म्हणाले. "म्हणजे आज एका शेअरला जेवढे पैसे मोजतो, तेवढे कंपनी सहा वर्षांत कमावते. त्यापुढचं सगळं आपलं."

व्याख्या त्यांनी अगदी नेमकी सांगितली होती. शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा, एवढंच ते गुणोत्तर. अडचण होती ती 'कमावते' या शब्दाची. कंपनी कमावते म्हणजे कुठल्या वर्षी कमावते?

गोव्याचं लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचं. देशातल्या पोलाद कारखान्यांत त्याला फारशी मागणी नव्हती, पण चीनला ते हवं होतं, आणि २००० नंतरच्या दशकात चीनच्या भुकेने जगभर खनिजाचे भाव चढत गेले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झालं. मांडवी आणि झुवारीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जांची रांग तुटत नसे. काकांच्या हिशेबात तेच वर्ष पुढे ओळीने सहा वेळा येणार होतं.

खनिजाच्या धंद्यात नफा इतका का उसळतो, हे एकदा आकड्यांत पाहिलं की विसरत नाही. समजा एक टन माल काढायला, धुवायला आणि जहाजापर्यंत न्यायला ४० डॉलर लागतात. भाव ६० असेल तर टनामागे २० डॉलर सुटतात. भाव १२० झाला तर सुटतात ८०. भाव दुप्पट आणि नफा चौपट. अशा वेळी बाजार शेअरचा भाव दुपटीने वाढवतो, चौपटीने नाही, कारण ही तेजी कायमची नाही हे जाणत्या लोकांना ठाऊक असतं. मग गुणोत्तराचं काय होतं? वरचा आकडा दुप्पट, खालचा चौपट, म्हणजे पीई निम्मा. तेजीच्या शिखरावर शेअर सर्वांत स्वस्त दिसतो. मंदीत खनिजाचा भाव ४५ वर आला की नफा उरतो फक्त ५ डॉलर आणि तोच शेअर महाग दिसू लागतो. पोलाद, साखर, सिमेंट, जहाजवाहतूक, हॉटेलं, जिथे जिथे नफ्याला भरती-ओहोटी आहे तिथे हा उलटा प्रकार घडतो.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेतल्या महामंदीची झळ स्वतः सोसलेले गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली लिहून ठेवलं की शेअरचं मोल ठरवताना एका वर्षाचा नफा धरू नये. निदान पाच वर्षांची सरासरी घ्यावी, सात किंवा दहा वर्षांची मिळाली तर उत्तम. दहा वर्षांत धंद्याचं एखादं चक्र बहुधा पूर्ण होतं. एक-दोन सुगीची वर्षं, एक-दोन दुष्काळाची आणि बाकीची साधी.

पण नुसत्या सरासरीत एक खोट राहते. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकाच टोपलीत घालून चालत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा वर्षांपूर्वी शंभराच्या नोटेत जेवढं सामान येई तेवढं आज येत नाही, हे कुणालाही सांगावं लागत नाही. कंपनीच्या जुन्या नफ्याकडे मात्र आपण तसं बघत नाही. २०१४-१५ चे १० रुपये वहीत १० रुपये म्हणूनच उतरतात. म्हणून आधी प्रत्येक जुन्या वर्षाचा नफा आजच्या रुपयांत आणायचा आणि मगच सरासरी काढायची. यासाठी लागतो ग्राहक किंमत निर्देशांक. आपल्याकडे २०१२ चा स्तर १०० धरून काढलेला हा निर्देशांक २०१४-१५ मध्ये सरासरी ११९ च्या आसपास होता, २०२३-२४ मध्ये १८४ च्या आसपास. म्हणजे ते जुने १० रुपये २०२३-२४ च्या भावात साडेपंधरा रुपयांच्या तोडीचे. १८४ भागिले ११९, गुणिले १०. यापलीकडे गणित नाही.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. २०१४-१५ पासून दहा वर्षांत तिचा प्रति शेअर नफा अनुक्रमे १०, ४, ८, १४, १६, ६, १२, २०, २२ आणि शेवटच्या, तेजीच्या वर्षी ४० रुपये. शेअरचा भाव ३६०. नेहमीचा पीई आला ९, म्हणजे कुणीही म्हणेल की स्वस्त आहे. आता जुने आकडे निर्देशांकाने वर आणा. १० चे साडेपंधरा झाले, दुसऱ्या वर्षीच्या ४ चे जवळपास ६, मधल्या १६ चे २१, आणि शेवटचे ४० तसेच राहिले. दहांची बेरीज साधारण १८०, सरासरी १८. आता ३६० ला १८ ने भागा. उत्तर २०. तीच कंपनी, तोच दिवस, तोच भाव. पण 'नऊ वर्षांत वसूल' ऐवजी 'वीस वर्षांत वसूल'. महागाईचा विचार न करता नुसती सरासरी काढली असती तर ती १५.२ आली असती आणि गुणोत्तर २४ च्या घरात गेलं असतं, म्हणजे शेअर आहे त्याहून महाग भासला असता. महागाईची दुरुस्ती दोन्ही बाजूंनी न्याय करते, म्हणून ती गाळू नये. आणि एक काळजी घ्यायची: मधल्या काळात कंपनीने बोनस शेअर दिले असतील किंवा शेअरचे तुकडे केले असतील, तर जुने आकडे त्या प्रमाणात आधी कमी करून घ्यायचे. पहिल्यांदा हिशेब करणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

या गुणोत्तराला आज 'केप' म्हणतात, म्हणजे धंद्याच्या चक्रासाठी दुरुस्त केलेला पीई (इंग्रजी आद्याक्षरं सीएपीई). जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये ते संशोधनात पुढे आणलं. शिलर यांनी अमेरिकन बाजाराची १८७१ पासूनची आकडेवारी जुळवली. त्यातून दिसलं ते असं, की केप कमी असताना घेतलेल्या शेअरांनी पुढच्या दहा वर्षांत सहसा चांगला परतावा दिला आणि केप फार चढलेला असताना घेतलेल्यांनी सहसा कमी. 'सहसा' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला आहे. पुढच्या वर्षी काय होईल याबद्दल हे गुणोत्तर जवळजवळ काहीच सांगत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये कॅम्बेल आणि शिलर यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे बाजार महाग झाल्याचं मांडलं. त्यानंतर दोनच दिवसांनी बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी भाषणात बाजारातल्या अवाजवी उत्साहाचा उल्लेख केला. तरी बाजार आणखी तीन वर्षांहून अधिक काळ चढतच राहिला. केप २८ च्या आसपास होता, तो ४४ पर्यंत गेला आणि मगच, २००० साली, घसरण सुरू झाली. १९९६ मध्ये सगळं विकून बाजूला झालेल्या माणसाने ती तीन वर्षं कशी काढली असतील, याचा विचार केल्याशिवाय केपबद्दल बोलू नये असं मला वाटतं. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या मापाची खरी ताकद दिसली २००९ च्या मार्चमध्ये. जागतिक संकटात अमेरिकन कंपन्यांचा, विशेषतः बँकांचा नफा इतका वाहून गेला की बाजार तळाशी असूनही तिथला साधा पीई शंभराच्या वर गेला. कित्येक वर्षांत एवढा स्वस्त न झालेला बाजार त्या आकड्यानुसार इतिहासातला सर्वांत महाग ठरत होता. त्याच वेळी केप होता १३ च्या आसपास, दीर्घकालीन सरासरीच्या खाली. पुढे बाजार कसा चढत गेला ते आपण पाहिलंच आहे.

आपल्याकडे हे माप लावताना दोन-तीन गोष्टी अडखळवतात, आणि त्यातली एक तर पणजीतच घडली. २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरचा कर कमी केल्याची घोषणा इथून केली. सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांना अधिभार धरून सुमारे २५ टक्के दर लागू झाला. मोठ्या कंपन्यांचा आधीचा पूर्ण दर ३५ टक्क्यांच्या जवळ होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर गेला, आणि तो वेडेपणा नव्हता. करापूर्वी १०० रुपये कमावणाऱ्या कंपनीकडे पूर्वी ६५ उरत, आता ७५ उरू लागले. विक्री एक रुपयाने न वाढता नफा १५ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे दहा वर्षांच्या सरासरीत २०१९ च्या आधीची वर्षं येतात तेव्हा ती जुन्या कराने दबलेली असतात आणि केप थोडा फुगतो. मी अशा वेळी करापूर्वीच्या नफ्यावर आजचा दर लावून जुनी वर्षं पुन्हा मांडते. वेळ लागतो, पण आकड्यावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या पद्धतीची. मोठ्या कंपन्यांना २०१६-१७ पासून नवी लेखामानकं लागू झाली. निफ्टीचा पीई मार्च २०२१ च्या अखेरपर्यंत फक्त मूळ कंपनीच्या नफ्यावर काढला जाई. मग उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात झाली आणि ४० च्या आसपासचा आकडा एका दिवसात ३३ च्या घरात आला. बाजारात काहीच घडलं नव्हतं, फक्त छेद बदलला होता. तेव्हा दहा वर्षांचे आकडे लिहून काढताना सगळी वर्षं एकाच जातीची आहेत ना, हे वार्षिक अहवाल उघडूनच पाहावं लागतं. एकत्रित तर दहाही एकत्रित.

कोविडच्या वर्षाचं काय करायचं, हे मला नेहमी विचारलं जातं. कळंगुटपासून काणकोणपर्यंत खोल्या ओस पडल्या होत्या आणि २०२०-२१ मध्ये देशभरातल्या हॉटेल कंपन्यांना तोटा झाला. नफाच नाही तर पीई काढता येत नाही. दहा वर्षांच्या सरासरीत तो तोटा उणे म्हणून बसतो. काही विश्लेषक ते वर्ष 'अपवाद' म्हणून वगळतात. मी वगळत नाही. पर्यटनाच्या धंद्यात दर दहा-बारा वर्षांत काही ना काही येतं. २००८ मध्ये मुंबईवरचा हल्ला आणि जागतिक मंदी एकाच हंगामावर कोसळली होती. अपवाद वगळून उरलेली सरासरी ही अशा कंपनीची असते जिच्यावर कधी संकट येत नाही, आणि तशी कंपनी विकत मिळत नाही.

वेगाने वाढणाऱ्या कंपनीला मात्र हे माप अन्याय करतं. महागाई वजा जाता दरवर्षी १५ टक्के नफा वाढवणारी कंपनी घेतली, तर तिच्या दहा वर्षांची सरासरी ताज्या नफ्याच्या जेमतेम ५८ टक्के भरते. तिचा पीई ३० असेल तर केप ५२ येतो. तो पाहून तिला महाग म्हणणं चूक आहे. म्हणून दोन वेगळ्या धंद्यांतल्या कंपन्यांचे केप एकमेकांशी ताडून पाहू नयेत. कंपनीचा आजचा केप तिच्याच जुन्या केपशी ताडावा. मुळात हे माप घडलं ते पूर्ण बाजारासाठी, जिथे एक कंपनी बुडते तेव्हा दुसरी उगवते. एकट्या कंपनीला तसा आधार नसतो.

काकांच्या कंपनीला तो नव्हता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेल्यानंतर, १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामावर बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह बंदी उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. काकांनी एक ट्रक विकला, दुसरा अंगणात गंजला. शेअर त्यांनी खरेदीच्या भावाच्या निम्म्याहून खाली काढले.

त्यांचे जुने कागद मी नंतर बसून चाळले आणि २०१० पर्यंतची दहा वर्षं मांडली. केप पीईच्या दुपटीहून जास्त आला, म्हणजे 'सहा वर्षांत वसूल' हे केपने तेव्हाच खोडून काढलं असतं. पण खाणी बंद पडतील हे त्या दहा वर्षांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलेलं होतं लीजच्या मुदतीत आणि पर्यावरण दाखल्यांच्या अटींत, जे मी तेव्हा वाचायला शिकले नव्हते.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातल्या खाणपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला, त्यात डिचोलीचाही पट्टा होता. लिलावात घेतलेल्या खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनावर कंपनीला बोलीप्रमाणे सरकारला हिस्सा द्यावा लागतो, आणि तोही नफ्यावर नाही, ठरवलेल्या विक्रीमूल्यावर. वर ज्या ४० डॉलर खर्चाचं उदाहरण दिलं, त्यात हा हिस्सा मिळवून पाहा. टनामागे उरणारा पैसा जुन्या लीजच्या काळातल्या पैशाशी जुळतच नाही. आता पुन्हा आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात. चुलतभावाने परवा विचारलं की त्या कंपनीचा दहा वर्षांचा हिशेब काढून देशील का. मी वही काढली आणि २०१२ च्या पुढे एक उभी रेघ मारून पलीकडची पानं कोरी ठेवली.