डब्याचं झाकण, तळ आणि उघड्यावरचे लाडू

‘आमच्याकडे तर नीट दिसतंय!’ वेबपानं बनवणाऱ्याच्या तोंडचं हे ठरलेलं वाक्य. तो खोटं बोलत नसतो. एकच पान दोन ब्राउझर दोन तऱ्हांनी वाचू शकतात.

पान म्हणजे टॅगांनी बांधलेला मजकूर. इथे परिच्छेद सुरू, इथे संपला. ठरलेले टॅग ब्राउझरला पाठ असतात. अनोळखी टॅग आला तरी बहुतेक ब्राउझर त्याला निमूट एक डबा, म्हणजे ‘घटक’, देतात आणि मजकूर त्यात ठेवतात. मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र आठव्या आवृत्तीपर्यंत वेगळंच करायचा. उघडणारा टॅग म्हणजे एक रिकामा घटक, मजकूर त्याच्या शेजारी मोकळा, आणि बंद करणारा टॅग हा नावात तिरकी रेघ असलेला आणखी एक रिकामा घटक! जणू डब्याचं झाकण आणि तळ ही दोन भांडी समजून फळीवर मांडली, लाडू उघड्यावर. डब्याला निळा रंग दिला तरी लाडवांना तो लागणार कसा? ‘सेक्शन’, ‘आर्टिकल’ हे एचटीएमएल ५ चे (पानं लिहिण्याच्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीचे) नवे टॅगही त्याच्या लेखी अनोळखीच.

उपाय शूर्ड व्हिसर या प्रोग्रामरला सापडला, आणि २००८ मध्ये दुसरे प्रोग्रामर जॉन रेसिग यांनी त्याला ‘एचटीएमएल ५ शिव्ह’ म्हटलं. जावास्क्रिप्टची, म्हणजे पानाला हुकूम देण्याच्या भाषेतली, एक ओळ: त्या नावाचा घटक तयार कर. तो पानात कुठे लावायचा नाही, जपून ठेवायचाही नाही. नुसता तयार केला की त्या पानापुरतं ते नाव ओळखीचं होई. हे मंत्रासारखं वाटतं, म्हणून मीही ती ओळ पहिल्यांदा लिंबू-मिरचीसारखी पानाच्या तळाशी टांगली. गुण येईना. येणार कसा? टॅग वाचून झाल्यावर नाव सांगून काय उपयोग; ओळ आधी हवी. पुढची गंमत छापताना. पडद्यावर सुरेख दिसणारं पान कागदावर विस्कटे, कारण छपाईसाठी तो ब्राउझर पानाची नवी प्रत करी आणि त्या प्रतीत नावाची ओळख नसे.

२०११ च्या नवव्या आवृत्तीत हे संपलं. आता स्वतःचे घटक रीतसर नोंदवता येतात: क्रोममध्ये २०१६ पासून, सफारीत २०१७, फायरफॉक्समध्ये २०१८. नावात जोडरेघ हवी आणि पहिलं अक्षर रोमन लिपीतलं, छोटं. पुढे खुशाल ‘बातमी’ लिहा, देवनागरी चालते.

आता नोंद उशिरा झाली तरी ब्राउझर आधीच्या घटकांना मागाहून बढती देतो. उलट घाई नडते. नोंद आधीच झालेली असेल, तर उघडणारा टॅग दिसताच घटक कामाला लागतो, तेव्हा आतले लाडू अजून यायचेच असतात.

‘सगळे ब्राउझर आता एकसारखे’ ही जाहिरातही अर्धवटच. साध्या बटणाच्याच टॅगमध्ये ‘इज’ (is) हा शब्द लावून त्याला नवे गुण देण्याची सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. सफारीने ती नाकारली आहे. तिथे चूक झाल्याची लाल ओळही उमटत नाही. बटण दिसतं, दाबलंही जातं, फक्त आपण शिकवलेलं काही करत नाही.