आकड्यांत टिपलेले रंग

फूल वाळलं की रंग उडतो. दोनशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातून लंडनला जहाज पोचायला महिनोन्‌महिने लागत, त्यामुळे दाबून वाळवलेल्या नमुन्यात पानाचा आकार शाबूत असे, पण लाल-केशरी सगळं तपकिरी पडलेलं.

फर्डिनांड बाउअर या ऑस्ट्रियन चित्रकाराने यावर काढलेली तोड मला विलक्षण वाटते. १८०१ साली तो मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर ऑस्ट्रेलियाला, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनच्या सोबतीने निघाला. रोज नवी झाडं हाती येत. रंगवत बसायला सवड कुठली? मग तो पेन्सिलीने रेखाटन करी आणि त्यावर बारीक आकडे लिही. एकेक आकडा म्हणजे एकेक ठरलेली छटा, आणि अशा छटा जवळपास हजार! इंग्लंडला परतल्यावर ते आकडे वाचून त्याने जलरंगांत चित्रं पुरी केली.

त्याचं ‘बँक्सिया कॉक्सिनिया’ या ऑस्ट्रेलियन झुडपाचं चित्र पाहा. लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेत. करड्या, लवदार फुलांतून बाहेर वाकलेले ते कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचे दांडे, आहेत. आपल्याकडचा सिल्व्हर ओक याच कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. त्याचा केशरी फुलोरा जवळून पाहिलात तर तसेच वाकलेले कुक्षीवृंत दिसतील.

चित्र छापायचं तर ते आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरावं लागे. कोरलेल्या रेषांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओलसर कागदावर दाबून ठसा घ्यायचा. मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. हे काम मनासारखं करणारा कोणी मिळेना, म्हणून बाउअरने कोरणं आणि रंगवणं दोन्ही स्वतःच केलं. १८१३ पासून निघालेला त्याचा संग्रह १५ चित्रांवरच थांबला. फारसं गिऱ्हाईकच मिळालं नाही. इतक्या कसबी कामाच्या वाट्याला हे यावं, याचं वाईट वाटतं.

जुनं चित्र विकत घेताना भिंग जवळ ठेवा. अलीकडच्या छापील नकलेत रंगाचे ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्यात सलग रेषा आणि तिच्यावरून किंचित बाहेर गेलेला रंग दिसतो. कडेला पत्र्याचा दबलेला चौकोनही बोटाला लागतो, अर्थात कागद कापलेला नसेल तर. रंग मात्र नंतर कोणी भरलेला असू शकतो, हेही ध्यानात असू द्या. आणि चित्र उन्हात टांगू नका: कॉकिनील किड्यांपासून केलेला कार्माइन हा लाल रंग उजेडाने फिका पडतो.