मनाचा कौल: गोव्यात हा शब्द कुठून कुठे आला

हल्ली आमच्याकडची पंचविशी-तिशीतली मुलं एकमेकांना विचारतात, तुझी फिलॉसॉफी काय रे, म्हणजे नोकरी-पगार नाही, तू कशाला नाही म्हणणार आणि कशासाठी नुकसान सोसणार ते सांग. मला हा प्रश्न फार आवडतो. पण गोव्यात हा प्रश्न असा एकट्या माणसाला विचारता येणं तसं अलीकडचं आहे, त्याच्या मागे बऱ्याच गोष्टी घडून गेल्यात, आणि त्या सगळ्या मला एका शब्दाभोवती दिसतात. तो शब्द म्हणजे कौल.

या शब्दाचा गुंता आधी सोडवू या, कारण त्यातच अर्धी हकीकत आहे. घरावरचं कौल वेगळं, ते बाजूला ठेवा. आपला कौल अरबी 'कौल'वरून आला, अर्थ बोल, दिलेला शब्द. जुन्या मराठी कागदांत राज्यकर्ता रयतेला कौल द्यायचा, म्हणजे अभय द्यायचा, परत या, वस्ती करा, त्रास होणार नाही. पडीक जमीन कसायला घेणाऱ्याला इस्ताव्याचा कौल असायचा, पहिल्या वर्षी सारा थोडा आणि मग दर वर्षी चढत जाणारा. म्हणजे मुळात हा वरच्याने खालच्याला दिलेला शब्द. तोच शब्द देवळात गेला तेव्हा वरचा म्हणजे देव झाला. आमच्याकडे त्याला प्रसाद लावणं असंही म्हणतात, भट देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, यजमान गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघतात उजवी पडते की डावी. उजवी म्हणजे हो. लग्न, विहीर, भावाभावांचं वाटप, मुलाला मुंबईला पाठवायचं की नाही, सगळं तिथे विचारलं जायचं आणि अजून विचारलं जातं.

आणि मराठीत तिसराही कौल आहे, मनाचा कौल. इथे शब्द उलटा फिरलाय हे लक्षात घ्या, वरून कुणी काही देत नाही, मागणारा मीच आणि देणाराही मीच. देहूच्या अभंगात 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' असं सतराव्या शतकातच म्हणून ठेवलंय, त्यात कौल हा शब्द नाही पण गोष्ट तीच आहे. ही ओळ आमच्या घरात रोज म्हटली जायची, तरी जमिनीचा प्रश्न आला की पाय देवळाकडेच वळायचे. दोन्ही एकाच घरात, एकाच माणसात. हे ढोंग नव्हतं. ज्या गावात निर्णय कधी एकट्याचा नव्हताच तिथे एकट्याच्या मनाची ग्वाही मागायला जागाच फार थोडी होती.

निर्णय कुणाचा होता? गांवकारीचा, म्हणजे गावाची जमीन आणि कारभार सामाईक सांभाळणाऱ्या मंडळीचा. पोर्तुगीजांनी १५२६ साली गांवकारीचे रीतिरिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, म्हणजे ते त्याच्या आधीपासून पक्के होते. बांध कुणी बांधायचा, मानशीवर, म्हणजे खाजणाच्या पाण्याच्या दारावर, कोण बसणार, देवळाचा खर्च कसा उचलायचा, सगळं गांवकार ठरवणार, आणि गांवकार म्हणजे त्या-त्या घराण्यातले पुरुष. बाई नाही, कूळ नाही, बाहेरून आलेला नाही. मग १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं, गोव्यातल्या साष्टीतले देव जुवारीच्या पाण्यातून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे नेले गेले, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळेला. हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, परत सांगत नाही. एकच म्हणतो, देवाला रातोरात उचलून न्यायचं की धर्म बदलून जमिनीवर राहायचं हा निर्णय त्या वेळी हजारो माणसांनी घेतला आणि त्यांतल्या कुणाच्या मनात काय चाललं होतं याचा कागद जवळजवळ नाही. जे गेले ते आणि जे राहिले ते, दोघांनाही आपण आजवर गटानेच मोजत आलोय.

राहिलेल्यांकडे मात्र एक वेगळी सवय तयार झाली, तिच्याकडे आमच्या लोकांनी नीट पाहिलंच नाही असं मला वाटतं. कुमसाराला, म्हणजे पादरीसमोर पापाची कबुली द्यायला जाण्याआधी स्वतःचं अंतस्कर्ण तपासायचं. शब्द बघा, आपला अंतःकरणच, पण आपल्याकडे अंतःकरण म्हणजे माया, दया, द्रवणं, आणि त्यांच्या कोंकणीत अंतस्कर्ण म्हणजे आतला साक्षीदार, चूक दाखवणारा. १६१६ साली रायतूरला मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते याच लोकांसाठी, म्हणजे पाप-पुण्याचा हा नवा हिशेब मांडायलाही आपलीच ओवी लागली. शेजारच्या वाड्यावरची बाई पादरीसमोर गुडघे टेकून 'मी हे केलं' असं एकवचनात म्हणत होती आणि आमच्या घरात गाऱ्हाणं 'आम्ही लेकरं चुकलों' असं अनेकवचनातच घातलं जात होतं, अजून घातलं जातं. कुठलं चांगलं हे मी सांगणार नाही, पण फरक मोठा आहे.

पुढचं पटपट सांगतो. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली, त्यात मुलीलाही वारसा, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे सही करताना बायकोचीही सही लागणार. कागदावर का होईना, घरातली बाई पहिल्यांदा एक माणूस म्हणून मोजली गेली. प्रत्यक्षात किती जणी त्या सहीच्या वेळी नाही म्हणू शकल्या हा प्रश्न आहेच. मग १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना नोकऱ्या, शाळा, वाचनालयं, मराठी वर्तमानपत्रं, आणि १९१५ ला मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला गीतेवरचा ग्रंथ छापून आल्यावर तो हळूहळू गोव्यातल्या घरांतही पोचला. सदसद्विवेक हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी बसला तो अशाच वाचनातून. पण तोपर्यंत बोलणंच, करायला वाव नव्हता, सालाझारच्या राज्यात सभा घ्यायची तरी परवानगी लागायची.

आता खरी गोष्ट. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ ला प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक झाली, महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा पक्ष सत्तेवर आला, आणि मग १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. ज्या समाजात शेकडो वर्षं देवाच्या अंगावरून फुलाची पाकळी पडण्याची वाट बघितली गेली त्या समाजाला सरकारने विचारलं, फूल की पानं, आणि त्याला नावही कौलच दिलं. हा कौल कोण कुणाला देत होतं? नेहमीसारखा वरून नव्हता. एकवीस वर्षांवरची प्रत्येक बाई, प्रत्येक कूळ, प्रत्येक भाटकार म्हणजे जमीनदार, एकेकटे पडद्याआड गेले. आमच्या आजीने आयुष्यात त्या आधी कुठलाही निर्णय एकटीने घेतलेला नव्हता असं ती स्वतः सांगायची, आणि तिने आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही शिक्का कशावर मारला ते. विचारलं तर पदर दातात धरून हसायची. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणाचं तरी मन खरोखर स्वतःचं झालं असं मला वाटतं.

निकाल माहीत आहे, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. मराठी वाचणाऱ्या घरांत याचं दुःख झालं, माझ्या घरातही झालं, आणि नंतर कितीतरी वर्षं लोक एकमेकांकडे संशयाने बघत होते, यानेच दोन पानं दाबली असणार. विश्वासघात, फितुरी असे शब्द वापरले गेले. ते शब्द चुकीचे होते असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच लोकांनी दोन-तीन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवाल्याच पक्षाला परत निवडून दिलं. म्हणजे कितीतरी माणसं अशी असणार ज्यांना तो पक्ष हवा होता, मराठीही हवी होती, आणि विलीनीकरण नको होतं. पक्ष सांगतो म्हणून नाही, जात सांगते म्हणून नाही, या एका गोष्टीत माझं मन वेगळं सांगतं, हे करून दाखवणारी पहिली मोठी गर्दी तीच. आम्ही त्यांना फितूर म्हटलं.

पण त्या कौलातही एक खोट होती, आणि ती प्रश्नात होती. घटक राज्य व्हायचंय का असं विचारलंच नव्हतं, ते मिळायला १९८७ चा ३० मे उजाडावा लागला. दोनच पर्याय, उजवी की डावी. देवळात बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे कळतं की पाकळी कुठली पडते यापेक्षा गाऱ्हाणं कसं घातलंय त्याला जास्त महत्त्व, आणि हे मी आजोबांकडून शिकलो.

१९७६ ला कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली, कसणारा कूळ मालक मानला जाणार. त्याच्या आदल्या वर्षी मुंडकार कायदा आलेला, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा. आमचं डोंगराखालचं वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर पिकणारं शेत एक घर तीन पिढ्या कसत होतं. वकिलाने आजोबांना सांगितलं, तो कूळ नव्हेच, मजुरीवर येणारा माणूस, असं मामलेदारासमोर लिहून द्या, खंडाच्या पावत्या तुम्ही दिलेल्याच नाहीत तर तो सिद्ध कसा करणार. आजोबा देवळात गेले आणि प्रसाद लावला. प्रश्न घातला, केस जिंकेन का. उजवी पडली, चटकन पडली, सोबत गेलेल्या काकांनी हात जोडून देवाचे आभारही मानले.

घरी येऊन आजोबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पेजेवर राहिले. आजीने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हजो प्रस्नूच चुकलो." जिंकेन का हे विचारलं, खोटं बोलू का हे विचारलंच नाही, आणि ते विचारायची हिंमत झाली नाही म्हणजे उत्तर आपल्याला आधीच माहीत होतं. मग ते मामलेदाराकडे गेले आणि तो कूळ आहे असं लिहून दिलं. आज त्या शेताच्या फॉर्म १ व १४ वर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, मालक म्हणून त्या घराचं नाव आहे. काका पुढे कितीतरी वर्षं आजोबांशी धड बोलले नाहीत, देवाने हो म्हटलेलं असताना यांनी नाही म्हटलं हे त्यांना पटलंच नाही, आणि काकांचंही मी चूक म्हणत नाही, त्यांच्याही पोराबाळांचं होतं ते.

मधल्या काळात कोंकणी की मराठी असा राजभाषेचा वाद झाला, घरं फुटली, १९८७ च्या फेब्रुवारीत कायदा झाला, त्यावर लिहायला बसलो तर हे टिपण संपणार नाही. मग खाण. २०१२ ला बंद झाली, परत सुरू झाली, २०१८ च्या मार्चात ८८ लिजांचं काम पुन्हा थांबलं. डिचोली, सांगे भागात ज्यांच्या दारात कर्जाचे ट्रक उभे होते त्यांना कुणी तुझी फिलॉसॉफी काय म्हणून विचारलं नाही, आणि विचारायलाही नको होतं. पण मी काही जणांना ओळखतो ज्यांनी धंदा ऐन जोरात असताना ट्रक घेतला नाही, वरच्या वाड्यावरची विहीर आटली म्हणून. त्यांना तेव्हा वेडे म्हटलं गेलं. ते काही वाचून आलेले नव्हते, मन खात होतं एवढंच म्हणायचे. मला वाटतं माणसाची स्वतःची फिलॉसॉफी बहुतेक वेळा अशीच बनते, आधी एका गोष्टीला नाही म्हणतो आणि मग आयुष्यभर आपण ते का म्हटलं याचा शोध घेत राहतो.

आणि आता जमीन. झोन बदलतायत, डोंगर कापले जातायत, दिल्ली-मुंबईचे पैसे येतायत. ज्या वायंगणाचं मी सांगितलं त्याच्या वर आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे, आणि शेताला पाणी येतं ते त्या भाटाच्या पायथ्याच्या झरीतून. गेल्या वर्षी भाटाला गिऱ्हाईक आलं. भाऊ गेल्यापासून भाट पुतण्याच्या नावावर आहे. तो मला म्हणाला, "काका, प्रसाद लावूया." त्याचा देवावर फार विश्वास आहे असं नाही, पण घरात वाद नको म्हणून. गेलो. भटाने तांब्यात पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, प्रश्न काय घालू.

पुतण्या म्हणाला, विकू का. भट गाऱ्हाणं सुरू करणार तेवढ्यात त्यानेच थांबवलं, म्हणाला नको, असं घाला, विकलं तर घराचं बरं होईल का. भटाने मान हलवली. परत थांबवलं. बराच वेळ गाभाऱ्याकडे बघत उभा राहिला, आजोबांची गोष्ट त्याने लहानपणापासून माझ्याकडूनच ऐकलेली. मग हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, डोंगर कापल्यावर खालची झर जाणार हे मला माहीत आहे, तरी विकू का.

भट पाकळी हातात घेऊन वाट बघत होता. पुतण्याने त्याला हातानेच राहू द्या म्हणून खूण केली, देवाला नमस्कार केला आणि बाहेर येऊन तळीच्या पायरीवर बसला. पाकळ्या तांब्यातच राहिल्या.