इंजेक्शनची भूल उतरताना

कुत्र्या-मांजराला भूल द्यायची म्हटली की मालकाचा जीव ऑपरेशन संपेपर्यंत टांगणीला लागतो. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान झालेल्या मोठ्या पाहणीत मात्र वेगळेच दिसले. एकूण धोका थोडाच होता: कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के. पण जे प्राणी दगावले, त्यांतली जवळपास निम्मी कुत्री आणि सुमारे ६१ टक्के मांजरे ऑपरेशननंतर गेली, बहुतेक पहिल्या ३ तासांतच. म्हणून भुलीचे औषध त्याच्या उतरण्यावरून जोखावे, असे मला ठामपणे वाटते.

थायोपेंटोन या भुलीच्या इंजेक्शनचेच पाहा. एका डोसनंतर प्राणी काही मिनिटांत शुद्धीवर येतो, पण औषध शरीरातच असते. ते फक्त मेंदूतून निघून स्नायूंत आणि हळूहळू चरबीत मुरलेले असते. डोस वाढवत नेले की तिथली जागा भरते आणि मग सगळी भिस्त यकृताच्या संथ कामावर राहते. ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्याच्या अंगावर चरबी नावालाच असते, शिवाय हे औषध मोडणारे एन्झाइमही त्याच्या यकृतात कमी पडते. त्यामुळे इतर कुत्री उठून चालू लागली तरी तो गुंगीतच पडून राहतो.

प्रोपोफॉल हे भुलीचे दुसरे औषध यकृतात झपाट्याने मोडते, काही प्रमाणात यकृताबाहेरही. म्हणून जाग स्वच्छ येते. ते भरभर टोचले तर श्वास थांबू शकतो, हे मात्र विसरून चालत नाही. मांजराचे यकृत अशी रसायने निकामी करण्यात मुळातच दुबळे असते. त्यामुळे प्रोपोफॉल लागोपाठ काही दिवस दिल्यास तिला जाग यायला वेळ लागू शकतो.

टायलेटामाइन हे भुलीचे औषध आणि झोलाझेपाम ही जोडी तर प्राण्यागणिक वागणे बदलते. कुत्र्यात शांत ठेवणारे झोलाझेपाम आधी ओसरते, म्हणून तो उठताना धडपडतो, ओरडतो. मांजरात तेच जास्त टिकते, म्हणून ती उशिरा पण शांतपणे उठते. टायलेटामाइनच्याच जातकुळीतल्या केटामाइननंतरही खोली अंधारी आणि निवांत हवी.

गुंगी आणणाऱ्या डेक्समेडेटोमिडीनला अटिपामेझोल हा उतारा आहे. काही मिनिटांत प्राणी मान वर करतो. पण गुंगीबरोबर त्या औषधाचे वेदनाशमनही जाते. तेव्हा उतारा टोचण्यापूर्वी दुसरे वेदनाशामक अंगात भिनलेले असलेच पाहिजे.