ब्लॅक स्टुडंट युनियनमध्ये इतरांना प्रवेशच नसतो?

अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: 'ब्लॅक स्टुडंट युनियनमध्ये दुसऱ्या वंशाच्या मुलांना घेतच नाहीत.' ब्लॅक स्टुडंट युनियन म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काम करणारी विद्यार्थी संघटना. नाव वाचून तसं वाटणं साहजिक आहे. पण नावावरून कळतं ते संघटनेचं काम. सभासद कोण, हे त्यावरून ठरत नाही.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशावरून कुणाला वगळता येत नाही. त्यामुळे संघटनेला मान्यता देताना विद्यापीठं साधारणपणे भेदभाव न करण्याची अट घालतात.

इतिहासही बघा. अशी पहिली संघटना १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सरकारी कॉलेजात उभी राहिली. तिच्या विद्यार्थी नेत्यांनी पुकारलेला संप नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा तब्बल साडेचार महिने चालला. त्यात आशियाई, लॅटिनो आणि गोरी मुलंही उतरली होती. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती शिकवणारा स्वतंत्र विभाग हवा, ही मुख्य मागणी. ती मान्यही झाली.

सभासदांत कृष्णवर्णीय मुलं जास्त असतात, हे खरंच. पण तशी अट आहे का, हे पाहायचं तर संघटनेची घटना, म्हणजे तिची लेखी नियमावली, उघडा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर विद्यार्थी संघटनांच्या यादीत ती बहुधा सापडते, नाहीतर पदाधिकाऱ्यांकडे मागता येते. त्यातली सभासदत्वाची आणि निवडणुकीची अशी दोनच कलमं वाचा.