मारबुर्गचे दोन रूडॉल्फ: ओटो कोणता आणि बुल्टमान कोणता?

ईश्वर आपल्या कुठल्याच मापात मावत नाही, तो ‘सर्वस्वी वेगळा’ आहे. विसाव्या शतकातल्या जर्मन धर्मचिंतनाबद्दल काहीही वाचायला घ्या, हे शब्द येतातच आणि जवळपास कुठेतरी रूडॉल्फ हे नाव असतं. आता हा रूडॉल्फ कोणता, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. रूडॉल्फ ओटो आणि रूडॉल्फ बुल्टमान दोघंही जर्मन धर्मशास्त्रज्ञ, दोघंही लूथरपंथी म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. दोघांनीही ब्रेस्लाऊला शिकवलं. पुढे 1921 पासून 1929 मध्ये ओटो निवृत्त होईपर्यंत दोघं मारबुर्ग विद्यापीठात एकाच विद्याशाखेत होते. दोघांनीही अखेरचा श्वास मारबुर्गमध्येच घेतला. त्यात ‘सर्वस्वी वेगळा’ हे शब्द दोघांच्याही लिखाणात आहेत, मग गल्लत होणार नाही तर काय?

वयात पंधरा वर्षांचं अंतर. ओटो 1869 चा, पाइने गावचा. बुल्टमान 1884 चा, पाद्र्याचा मुलगा. ओटो 1937 मध्ये गेला, बुल्टमान थेट 1976 पर्यंत जगला.

ओटोला समजून घ्यायचं तर त्याच्या प्रवासांपासून सुरुवात करावी. 1911 मध्ये मोरोक्कोतल्या मोगादोर इथल्या एका साध्या, अंधाऱ्या ज्यू प्रार्थनामंदिरात त्यानं बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातला ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा घोष ऐकला आणि तो हादरला. हेच शब्द त्यानं चर्चमध्ये आयुष्यभर ऐकले होते. पण इथे त्याला जाणवलं की सिद्धान्त, नीतिनियम, पुराणकथा या सगळ्यांच्या तळाशी एक वेगळीच अनुभूती असते आणि ती कुठल्याही एका धर्माच्या मालकीची नाही. तिथून तो भारत, जपान, चीन असा फिरत घरी परतला. 1917 मध्ये ‘दास हायलिगे’ म्हणजे ‘पवित्र’ हे त्याचं पुस्तक आलं, आणि ऐन महायुद्धात निघालेलं हे पुस्तक चांगलंच गाजलं.

त्यातला मुद्दा असा. आपण ‘पवित्र’ म्हणतो तेव्हा ‘नैतिकदृष्ट्या चांगलं’ एवढंच आपल्याला अभिप्रेत असतं, पण ते नंतरचं. मुळात असते ती एका गूढ शक्तीपुढची अवस्था: अंगावर काटा आणणारी भीती, आणि त्याच क्षणी तिच्याकडेच खेचून नेणारी ओढ. भीती वाटते म्हणून माणूस पळत नाही आणि ओढ वाटते म्हणून सलगी करत नाही. या अनुभूतीला ओटोनं ‘न्यूमिनस’ असं नाव दिलं. दाखला म्हणून तो गीतेचा अकरावा अध्याय पुढे करतो. विश्वरूप मागून घेणारा अर्जुनच ते पाहून थरथर कापतो, हात जोडतो आणि पहिलंच रूप पुन्हा दाखव म्हणून विनवतो.

1927-28 मध्ये ओटो पुन्हा भारतात आला आणि मुंबईहून घारापुरीची लेणी पाहायला गेला. लांबलचक दगडी खांबांमधून आत जावं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं, मग समोरच्या भिंतीतून जवळपास अठरा फुटी महेशमूर्ती हळूहळू वर येते. एका बाजूला मिशीवाला, कपाळाला आठ्या घातलेला भैरव. दुसऱ्या बाजूला नाजूक, स्त्रीसारखा चेहरा. मधला चेहरा या दोन्हींच्या पलीकडे गेलेला, शांत. नुसतं हे पाहण्यासाठी भारतापर्यंतचा प्रवास करावा, अशा अर्थाचं ओटोनं लिहून ठेवलंय. मला विचाराल तर त्याचा अख्खा सिद्धान्त त्या एका मूर्तीत आहे: डावीकडे धाक, उजवीकडे ओढ. (लाँचमधून उतरल्यावर माकडांपासून खाऊ सांभाळण्याच्या गडबडीत आपल्याला तो दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.)

शंकराचार्य आणि मध्ययुगीन जर्मन गूढवादी माइस्टर एकहार्ट यांना शेजारी बसवून त्यानं 1926 मध्ये एक पुस्तक लिहिलं, संस्कृत ग्रंथांचे अनुवाद केले, मारबुर्गमध्ये जगभरच्या धार्मिक वस्तूंचा संग्रह उभा केला. तो संग्रह अजूनही आहे. तरीही ओटोला सर्वधर्मसमभावी ठरवण्याची घाई करू नये. सगळे धर्म एकाच अनुभूतीतून उगवतात हे मान्य करूनही, त्या अनुभूतीचं सर्वांत परिपक्व रूप ख्रिस्ती धर्मातच आहे, हे त्याचं मत शेवटपर्यंत टिकलं.

बुल्टमानकडे आलं की हवा बदलते. इथे लेणी नाहीत, मोरोक्को नाही. आहे तो ग्रीक भाषेतला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, आणि त्यावर ठेवलेलं भिंग. 1921 च्या ग्रंथात त्यानं पहिली तीन शुभवर्तमानं, म्हणजे येशूची कहाणी सांगणारी पुस्तकं, सुटी केली: हा दाखला, ही चमत्कारकथा, हे वचन, यातलं काय आधी तोंडी फिरत होतं आणि काय सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीच्या गरजेतून पुढे घडलं. येशूचं चरित्र लिहिण्याइतकं साहित्य आपल्या हाती नाही, या निष्कर्षाला तो पोहोचला आणि त्यानं तो डगमगला नाही.

1941 मधल्या एका व्याख्यानानं तो वादाच्या भोवऱ्यात सापडला. वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली नरक, सगळीकडे देवदूत आणि भुतं, असं नव्या कराराचं जग आहे. विजेचे दिवे लावायचे, रेडिओ ऐकायचा, आजारी पडल्यावर आधुनिक औषधोपचार घ्यायचे आणि त्याच वेळी या भुताखेतांच्या आणि चमत्कारांच्या जगावर विश्वास ठेवायचा, हे जमणारं नाही, असं त्यानं साफ सांगितलं.

आपल्याकडे हे वाक्य अंधश्रद्धेविरुद्धच्या भाषणात सहज खपेल, आणि नेमकी तिथेच बुल्टमानबद्दल सर्वांत मोठी गैरसमजूत होईल. मिथक कापून टाका, असं तो म्हणतच नाही. ते काम आधीच्या उदारमतवादी धर्मशास्त्रज्ञांनी केलं होतं: चमत्कार वगळा, नीतिबोध ठेवा. त्यात गाभाच फेकला जातो, ही त्याची तक्रार होती. त्याच्या मते मिथकाचा अर्थ लावायचा असतो. येशूचं पुनरुत्थान म्हणजे प्रेत उठून बसल्याची बातमी नव्हे. वधस्तंभाची सुवार्ता आज, या क्षणी माझ्यापुढे येते आणि स्वतःच्या जोरावर जगायचं की ते सोडून द्यायचं, असा निर्णय मागते. ही निर्णयाची भाषा त्याला बरीचशी मार्टिन हायडेगरकडून मिळाली. 1923 ते 1928 हा तत्त्वज्ञ मारबुर्गमध्येच होता आणि दोघांचं छान जमायचं. बुल्टमान युद्धकाळातही चर्चमध्ये प्रवचनं देत होता, नास्तिक नव्हता. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती पाद्र्यांना पदावरून काढण्याचा नियम चर्चमध्ये आणायचं घाटत होतं तेव्हा, 1933 मध्ये, मारबुर्गच्या विद्याशाखेनं त्याविरुद्ध दिलेल्या अभिप्रायामागेही तो होता.

आता पुन्हा ‘सर्वस्वी वेगळा’ या शब्दांकडे. ओटोचा ईश्वर वेगळा आहे कारण तो गूढ आहे. त्याची चाहूल लागते, तिनं माणूस शहारतो, आणि तो शहारा हीच खूण. बुल्टमानला हे पटत नव्हतं. 1925 च्या एका निबंधात त्यानं रोख धरला तो याच समजुतीवर. कितीही भव्य असली तरी भावना शेवटी माझीच, मग तिच्यात मला भेटतो तो मीच. त्याच्या मते ईश्वर वेगळा आहे तो माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो म्हणून. ईश्वराचं वेगळेपण कळतं ते त्याच्या शब्दानं मला अडवल्यावर.

माझा कल ओटोकडे झुकतो, लपवत नाही. बुल्टमानची मांडणी जास्त काटेकोर आहे, पण ती सुवार्ता ज्याच्या कानावर कधी गेलीच नाही त्याला सांगण्यासारखं तिच्यात फारसं काही उरत नाही. उलट ओटोच्या विरोधातला प्रश्नही साधा नाही: शहारे तर नाझी मेळाव्यांतही येत होते, मग कुठला शहारा पवित्र हे ठरवायचं कसं? इथे बुल्टमानचा संशय कामाला येतो.

पुस्तकं शोधताना ग्रंथालयातली जागाही वेगळी निघते. ओटो बहुधा तौलनिक धर्म-अभ्यासाच्या कपाटात, धर्मांचा अभ्यासक मिर्चा एलियाद याच्या आसपास सापडतो. एलियादनं आपली मांडणी ओटोपासूनच सुरू केली. बुल्टमान नव्या कराराच्या भाष्यांत सापडेल. तिथे त्याचे विद्यार्थी एर्न्स्ट केझेमान आणि ग्युंटर बोर्नकाम शेजारीच असतात, आणि ऐतिहासिक येशूबद्दल इतकं हात टेकायला नको होतं म्हणून गुरूशी वाद घालत असतात.